वाटी भरलेली दिसते ती फोलपटांनी : बजीवाल्यांचे प्रश्न

या महिन्यात कुत्रा-मांजरवाल्यांनी जरा दम धरा, कारण पत्रांमध्ये बजीचाच ढीग झालाय, म्हणजे दुकानात लव्हबर्ड म्हणून विकतात त्या छोट्या रंगीत बजरिगर पोपटाचा. सुट्ट्या लागल्या की पोरं हट्ट करतात, आईबाप जोडी आणून देतात आणि शाळा सुरू व्हायच्या आत आमच्याकडे प्रश्न यायला लागतात. मी डॉक्टर नाही, पक्षी पाळणारी बाई आहे, त्यामुळे औषधाचे डोस विचारू नका, सांगणार नाही. पत्रं लांबलचक होती म्हणून थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, मुलीच्या वाढदिवसाला लव्हबर्डची जोडी आणली, एक हिरवा एक निळा. दुकानदार म्हणाला कांगणी आणि पाणी बास, दुसरं काही लागत नाही. काल हिरवा एकदम मलूल बसला होता, वाटी तर भरलेली होती. दोघं एकमेकांना चोचीनं मारतात पण. ही नर-मादीची जोडी आहे का हे कसं ओळखायचं? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी ती वाटी घ्या आणि हलकेच फुंकर मारा. बजी दाणा सोलून खातो आणि फोलपट तिथंच टाकतो, त्यामुळे वरून वाटी काठोकाठ दिसते आणि खाली एक दाणा नसतो, आणि घरातले सगळे खुश असतात की खाणं आहे. नव्या लोकांकडे पक्षी उपाशी राहतो तो असाच. रोज सकाळी वाटी रिकामी करा, पुसा, नवीन घाला. एका पक्ष्याला दिवसाला साधारण दीड-दोन चमचे दाणे पुरतात, चहाचा चमचा बरं का.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या फोटोवरून सांगते, तुमचे दोन्ही बजी आहेत. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, जाडजूड, आखूड शेपटीचे. तुमच्याकडे आहेत ते ऑस्ट्रेलियातले. नर-मादी बघायचं तर चोचीच्या वर, नाकपुड्या असतात ती फुगीर पट्टी बघा. मोठ्या नराची निळी असते, मादीची पांढरट नाहीतर तपकिरी. पिल्लू असेल तर घोळ होतो, कारण लहान नराची गुलाबी-जांभळट दिसते आणि लहान मादीची फिकट निळी, तीत नाकपुडीभोवती पांढरी रिंगण असतात, ती बघून लोक नर म्हणून घेऊन येतात. कपाळावर पार चोचीपर्यंत काळ्या रेघा असतील तर पक्षी अजून तीन-चार महिन्यांच्या आतला आहे, पहिली पिसं झडली की कपाळ साफ होतं. तुमच्या फोटोत दोघींची पट्टी तपकिरी आहे, म्हणजे तुम्हाला दोन माद्या मिळाल्यात. लहान पिंजऱ्यात दोन माद्या भांडतातच, मोठा आडवा पिंजरा घ्या, खाण्याच्या वाट्या दोन ठेवा, आणि रक्त निघण्याइतकं मारत असतील तर वेगळं करा. पिंजरा उंच नको, लांब हवा, बजी हेलिकॉप्टरसारखा वर जात नाही, आडवा उडतो. गोल पिंजरा तर नकोच. गजांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, डोकं अडकतं.

आता कांगणी-पाणी बास या वाक्याबद्दल. हे वाक्य ज्यानं काढलं त्यालाच वर्षभर नुसता भात घालायला हवा. कांगणी म्हणजे राळं, बाजरी, सगळं चांगलंय, पण नुसत्या बियांवर राहिलेल्या बजीला जीवनसत्त्व ‘अ’ मिळत नाही, आयोडीन मिळत नाही, मग गळ्यातली थायरॉईडची गाठ सुजते, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. चरबीवाल्या बिया जास्त झाल्या की लिव्हर जातं. सूर्यफुलाच्या बिया म्हणूनच कमी. रोज थोडा हिरवा पाला द्या, कोथिंबीर, मेथी, पालक, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, मक्याचं कोवळं कणीस, मोड आलेले मूग, मोड आलेली बाजरी. सगळं स्वच्छ धुऊन. आठवड्यातून एकदा चिमूटभर उकडलेलं अंडं. पहिले आठ-दहा दिवस पाला बघून लांब पळतील, हार मानू नका, कोथिंबिरीची ओली जुडी गजांना वरून टांगा, आधी पाणी चाटतील, मग पानं कुरतडतील. कांदा, लसूण, चॉकलेट, चहा-कॉफी, खारट फरसाण, ॲव्होकॅडो यातलं काही नाही, सफरचंद दिलंत तर बी काढून.

आणि एक डिजिटल किचन काटा घ्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. कशाला ते पुढे सांगते.

प्रश्न : आमचा बजी चार दिवस अंग फुगवून बसतोय, झोपतो जास्त, पण खातोय मात्र दिवसभर. दुकानात विचारलं तर त्यांनी कॅप्सूल दिली, पाण्यात टाका म्हणाले. दोन दिवस झाले फरक नाही. अजून किती दिवस बघू? — एक वाचक, पुणे

उत्तर : एकही दिवस नाही. हे पत्र माझ्याकडे आलं तेव्हाच तुम्हाला फोन करायला सांगितला होता ऑफिसला, इथं छापतेय ते बाकीच्यांसाठी.

बजी हा थव्यातला, सगळ्यांचं भक्ष्य असलेला पक्षी. थव्यात जो आजारी दिसतो त्याच्यावर शिकारी आधी झडप घालतो, म्हणून हा जीव शेवटपर्यंत आजार लपवतो. तुम्हाला तो फुगून बसलेला दिसला म्हणजे आजार काल लागलेला नाही, लपवायची ताकद संपलीय. त्यात तुमचा दिवसभर खातोय आणि तरी मलूल आहे, हे जास्त वाईट. पोटात एक प्रकारचं यीस्ट वाढतं, त्याला बरेच जण अजून मेगाबॅक्टेरिया म्हणतात, त्यात पक्षी वाटीवर बसून राहतो पण अन्न पचत नाही, विष्ठेत अख्खे दाणे दिसतात आणि छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर येतं. पिसांमुळे बाहेरून गुबगुबीतच दिसतो. बोटानं छाती चाचपून बघा, नाहीतर वजन करा. तो काटा यासाठी. आपल्याकडचा साधा बजी 30 ते 40 ग्रॅमचा असतो, त्यातले तीन-चार ग्रॅम गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला, आणि ते डोळ्यांना अजिबात दिसत नाही, काट्याला दिसतं. आठवड्यातून एकदा, सकाळी खाण्याआधी, काट्यावर छोटी वाटी नाहीतर काडी ठेवून. कॅलेंडरवर लिहा. दुधाचा हिशोब लिहिता तिथंच.

पाण्यात कॅप्सूल टाकायची पद्धत आपल्या गावोगावच्या दुकानांत आहे आणि ती मला अजिबात पटत नाही. आजारी पक्षी पाणी कमी पितो म्हणजे औषधही कमीच जातं, किती गेलं कळत नाही, पाणी कडू झालं तर तेवढंही पीत नाही, आणि यीस्टवर ॲंटिबायोटिक चालतच नाही. ताजी विष्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घ्या, पक्षी छोट्या खोक्यात घ्या आणि पक्षी बघणाऱ्या डॉक्टरकडे जा. जवळ तसा कुणी नसेल तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात नाहीतर जवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात विचारा, सगळीकडे फक्त गाई-म्हशीच बघतात असं नाही. जाईपर्यंत ऊब द्या, पिंजऱ्याच्या एकाच बाजूला साधा पिवळा बल्ब लावा म्हणजे गरम झालं तर त्याला दुसरीकडे सरकता येईल.

अजून एक, घाबरवत नाहीये पण सांगायला हवं. पोपटवर्गातल्या पक्ष्यांकडून माणसाला होणारा सिटाकोसिस नावाचा आजार आहे, वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून येतो. घरात कुणाला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला लांबला तर डॉक्टरला स्वतःहून सांगा की घरात बजी आहेत. त्यावर औषध आहे, फक्त डॉक्टरच्या डोक्यात ते यायला हवं. पिंजरा झाडूनी कोरडा झाडू नका, ओल्या कपड्यानं पुसा.

प्रश्न : काकू, हे पत्र लिहू की नको असं झालं होतं. रविवारी डोसे करायला नवा नॉनस्टिक तवा गॅसवर ठेवला, फोन आला म्हणून बाहेर गेले, तवा तापून धूर झाला. पिंजरा हॉलमध्ये होता. अर्ध्या तासात दोन्ही पक्षी गेले. आम्हाला साधा ठसकाही लागला नाही. शेजारीण म्हणते हार्ट अटॅक आला असेल. — एक वाचक, ठाणे

उत्तर : हार्ट अटॅक नाही, त्या धुराचंच आहे ते. नॉनस्टिकच्या थराला पीटीएफई म्हणतात, तवा रिकामा तापला की त्यातून जे वायू निघतात ते पक्ष्यांच्या फुप्फुसात रक्त साकळवतात, काही मिनिटांत. तुम्हाला काही झालं नाही याचं कारण पक्ष्यांचा श्वास आपल्यासारखा आत-बाहेर नसतो, फुप्फुसांच्या पुढे-मागे हवेच्या पिशव्या असतात आणि ताजी हवा फुप्फुसातून एकाच दिशेनं वाहत राहते. उडायला एवढा ऑक्सिजन लागतो म्हणून ती सोय, आणि हवेत विष असलं तर तेही तितक्याच जोरात आत जातं. डॉक्टर समोर असता तरी बहुतेक वाचले नसते. फार वाईट वाटलं पत्र वाचून.

बाकीच्यांनी हे वाचून तवा फेकायला हवा असं नाही, पण पक्षी असलेल्या घरात नॉनस्टिक रिकामं तापत ठेवायचं नाही, आणि सरळ विचाराल तर मी बिडाचा तवा वापरते. इस्त्रीची पट्टी, सँडविच मेकर, एअर फ्रायर, हीटर, यांच्यावरही तोच थर असू शकतो, नवी वस्तू पहिल्यांदा तापवताना पक्षी दुसऱ्या खोलीत आणि खिडक्या उघड्या. मच्छर कॉइल, झुरळाचा स्प्रे, रूम फ्रेशनर, पेंटचा वास यांचंही तसंच. देवघर पिंजऱ्याच्या शेजारी असेल तर दोनातलं एक हलवा. देव समजून घेईल, उदबत्ती आणि धूप बजीला समजत नाही.

प्रश्न : नागपुरात सध्या 45 च्या वर पारा जातोय. बजी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातले म्हणतात, मग उन्हाचा त्रास होत नसेल ना? पिंजरा गॅलरीत आहे, वर पत्रा आहे. — एक वाचक, नागपूर

उत्तर : पत्रा वाचून मला इथं घाम फुटला. दादा, आज दुपार व्हायच्या आधी घरात आणा तो पिंजरा.

रानातला बजी उष्ण भागातला आहे हे बरोबर, पण तो दुपारभर झाडीत गप्प बसतो, पाण्यासाठी कुठच्या कुठं उडत जातो, आणि तरीही 2009 च्या जानेवारीत पश्चिम ऑस्ट्रेलियात उष्णतेची लाट आली तेव्हा बजी आणि झेब्रा फिंच हजारोंनी मेले होते. तुमच्याकडच्याला तर पत्र्याखालून हलताच येत नाही. चोच उघडी, पंख अंगापासून लांब धरलेले, भराभर श्वास, हे दिसलं की तो संकटात आहे. सावलीच्या खोलीत आणा, साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा, पसरट ताटलीत बोटभरही नाही इतकं पाणी ठेवा, स्वतः आंघोळ करतो. बर्फाचं पाणी नको, पिंजऱ्याला चारी बाजूंनी ओलं फडकं गुंडाळणं नको, हवाच बंद होते. कूलर चालेल पण झोत थेट अंगावर नको आणि एक खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत नुसती दमट वाफ कोंडते. पाणी दिवसातून तीनदा बदला. काकडीची फोड सकाळी ठेवलीत तर दुपारी काढा, उन्हाळ्यात लवकर आंबते.

प्रश्न : पिंजऱ्यात घरट्यासाठी मातीची मटकी लावल्यापासून मादीनं लागोपाठ तीन वेळा अंडी घातली. पहिली पिल्लं छान मोठी झाली, आता तिसऱ्या वेळची आहेत, त्यांच्या पाठीची पिसं कुणीतरी उपटलीत, एकाला रक्तही आलं. आई असं करते का? नराला काढू का? — एक वाचक, सांगली

उत्तर : आईच करते, आणि नराला काढलंत तर पिल्लं उपाशी मरतील.

रानात या पक्ष्याला विणीचा ठरलेला महिना नसतो. आतल्या कोरड्या भागात पाऊस पडला, गवताला दाणा भरला की थवे तिकडे जातात आणि झाडांच्या ढोलीत अंडी घालतात, दाणा संपला की बंद, पुढच्या पावसाच्या मागे. तुमच्या घरात वाटीत दाणा बारा महिने, ट्यूबलाइट रात्री अकरापर्यंत, आणि समोर मटकी, म्हणजे तिच्या लेखी पाऊस थांबतच नाहीये. ती चौथ्यांदा अंडी घालायच्या तयारीत आहे आणि आधीची पिल्लं मटकीत अडचण झालीत, म्हणून टोचून बाहेर हुसकतेय. पिल्लांना पंख फुटलेत असं लिहिलंय, तेव्हा पिल्लं आणि नर एका पिंजऱ्यात, मादी शेजारच्या वेगळ्या पिंजऱ्यात. नर भरवतो, चांगलाच भरवतो. जखम झालेलं पिल्लू दाखवून आणा. पिल्लं साधारण पाच आठवड्यांची होऊन मटकीबाहेर आली आणि स्वतः दाणे सोलायला लागली की मटकी काढून टाका, धुऊन माळ्यावर. वर्षातून दोनदा, त्यापलीकडे नाही, आणि वर्षाच्या आतल्या मादीला तर एकदाही नाही.

ज्यांची मादी मटकीशिवायही पिंजऱ्याच्या तळाला अंडी घालते त्यांनी अंडी उचलून टाकू नका, उचलली की ती कमी पडली म्हणून अजून घालते. अंडी उकळून गार करून परत ठेवा, बसू दे तिला. खरी अंडी एका दिवसाआड येतात, चार ते सहा, आणि साधारण 18 दिवसांत फुटतात, तेवढे दिवस बसून ती आपोआप सोडून देते. रात्री पिंजरा झाका, दहा-बारा तास अंधार मिळू दे. आणि मादी तळाला फुगून बसली, शेपटी खालीवर करतेय, जोर लावतेय असं दिसलं तर अंडं अडकलंय, ऊब द्या आणि त्याच दिवशी डॉक्टर. तेल लावून स्वतः ओढायचा उद्योग करू नका, अंडं आत फुटलं की मादी जाते.

अंड्यांना कॅल्शियम लागतं म्हणून समुद्रफेन, म्हणजे कटलफिशचं पांढरं हाड, टांगा. कोकणातल्यांना किनाऱ्यावर फुकट मिळतं, फक्त दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत, मग उकळून कडक उन्हात वाळवा, मीठ निघायला हवं. बाटलीत मिळणारी वाळूसारखी ग्रिट मात्र नको, दाणे सोलून खाणाऱ्याला तिची गरज नसते.

प्रश्न : मावशी, मी सातवीत गेलो. माझा बजी कधी बोलणार? मी त्याला रोज वीस शब्द शिकवतो. त्याच्यासाठी आरसा पण लावलाय. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अरे, वीस शब्द तुला तरी रोज पाठ होतात का? एकच घे, त्याचं नाव. सकाळी घर शांत असताना, त्याच्याजवळ बसून, तेच तेच म्हण. नर असेल आणि लहान असेल तर शक्यता चांगली, माद्या सहसा बोलत नाहीत. आरसा काढून टाक, आरशातला मित्र मिळाला की तो तुझ्याशी कशाला बोलेल. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये पक नावाचा बजी होता, त्याला 1,728 शब्द येत होते, गिनीज बुकात नोंद आहे, 1994 मध्ये गेला तो. इंग्लंडमध्ये स्पार्की नावाचा एक होता, त्यानं 1958 मध्ये बीबीसीची बोलक्या बजींची स्पर्धा जिंकली होती, पेंढा भरून ठेवलाय त्याला न्यूकॅसलच्या म्युझियममध्ये. पण हे दोन अपवाद, तुझा पाच शब्द बोलला तरी गल्लीत मिरव. आणि कदाचित तो आत्ताही बोलत असेल! बजीचा आवाज इतका बारीक आणि घाईचा असतो की नुसती कुलकुल वाटते. मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि स्लो करून ऐक.

प्रश्न : वडिलांचं वर्षश्राद्ध आहे. आई म्हणते त्या दिवशी पिंजऱ्यातले चार बजी सोडून द्यायचे, पुण्य लागेल. शिवाय पक्षी पाळणं गुन्हा आहे असंही कुणी सांगितलं. — एक वाचक, सातारा

उत्तर : गुन्हा आहे तो आपला हिरवा पोपट, कंठवाला, पहाडी, असे देशी पक्षी ठेवणं, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं. बजी त्यात येत नाही.

पण सोडायचं म्हणाल तर हात जोडते, नका सोडू. 1840 मध्ये जॉन गूल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञानं ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला जिवंत बजी नेले, तेव्हापासून हे पिंजऱ्यात वाढतायत. तुमच्या चौघांच्या कित्येक पिढ्यांनी वाटीबाहेर दाणा शोधलेला नाही. निळा-पिवळा पक्षी साताऱ्याच्या आभाळात सोडलात की कावळे पाच मिनिटांत गोळा होतील, त्यांच्यातून सुटला तर शिक्रा आहे, मांजर आहे, आणि यातलं काहीच नाही झालं तरी दोन दिवसांत भूक आणि तहान. आईंना हे असंच सांगा, त्या ऐकतील, म्हातारी माणसं पक्ष्यांच्या बाबतीत लवकर ऐकतात असा माझा अनुभव आहे. सांभाळणं होत नसेल तर मोठा पिंजरा असलेल्या कुणाला द्या, आणि वडिलांच्या नावानं गच्चीवर चिमण्या-बुलबुलांसाठी पाण्याचं मातीचं भांडं ठेवा, या दिवसांत त्याची फार गरज आहे.

झटपट : चोचीवर, पायांवर पांढरट खडबडीत, स्पंजसारखे पापुद्रे आलेत असं तिघांनी लिहिलंय. ते माइट नावाच्या बारीक किड्यांमुळे येतात, डॉक्टर दोन-तीन वेळा औषध देतात, बरं होतं, हळद-तेल लावत बसू नका, तेलानं पिसं चिकटतात. तळपायाच्या फोडांचं विचारणाऱ्या नाशिकच्या वाचकांना, बसायच्या काठ्या सगळ्या एकाच जाडीच्या गुळगुळीत प्लास्टिकच्या असल्या की तळपायाला फोड येतात, पेरूची नाहीतर कडुनिंबाची वेडीवाकडी फांदी धुऊन लावा. गंजलेला किंवा जस्त सुटलेला पिंजरा बदला, बजी गज चावतो आणि जस्तानं विषबाधा होते.

प्रश्न : मे अखेरीला दहा दिवस गावाला, गुहागरला जायचंय. शेजारी म्हणतात पाण्याच्या दोन बाटल्या आणि किलोभर कांगणी ठेवून जा, काही होत नाही. की गाडीतून नेऊ? — एक वाचक, पनवेल

उत्तर : तसं ठेवून जाऊ नका, वर डोंबिवलीच्या उत्तरात फोलपटांचं वाचलंत ना, किलोभर ठेवलंत तरी तेच होणार, आणि बाटलीची नळी एकदा अडकली की मे महिन्यात एक दिवस पुरे. पहिली पसंती म्हणजे रोज येणारं माणूस. त्याला जायच्या दोन दिवस आधी बोलवून फुंकर मारून दाखवा, वजनाचा कागद दाखवा, डॉक्टरचा नंबर फ्रिजवर लावा. ते जमत नसेल तर न्या, पण पहाटे निघा, छोट्या पिंजऱ्यात न्या, एकच खालची काठी ठेवा, झोका आणि घंटा काढा, ब्रेक मारला की डोक्यात बसतात. पाण्याची वाटी सांडते म्हणून काकडीची फोड द्या आणि थांबाल तिथं पाणी दाखवा. गाडी बंद करून पक्षी आत ठेवून चहाला उतरायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा. गावच्या घरात पिंजरा ओटीवर टांगाल तर मांजराचा आणि सापाचा विचार करून रात्री आत घ्या, आणि चुलीच्या धुरापासून लांब.